डावं-उजवं

थोरलीच्या दुकानाला पाटी नव्हती आणि तिची गरजही नव्हती. समुद्राकडे उतरणाऱ्या रस्त्यावर, चपला दुरुस्त करणाऱ्याच्या शेजारी, एका खिडकीत दिवसभर शिलाई मशीन चालायचं. पॅन्ट लांब झाली, चेन अडकली, लग्नातला कोट पोटावर लागेनासा झाला, की तिथे जायचं हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. नवे कपडे ती शिवत नसे. दुसऱ्याने शिवून बिघडवलेलं सरळ करायचं हे तिचं काम, आणि ते करताना मूळ शिंप्याला चार शब्द सुनावायचे हा तिचा हक्क. "डोळे मिटून टाचलंय का हे?" असं म्हटल्याशिवाय तिच्या हातून एक टाका उसवला जात नसे.

बाई वाईट नव्हती. कुणाच्या अडीअडचणीला धावून जाण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. पण दुसऱ्याचं चांगलं झालेलं बघायला तिला जरा वेळ लागायचा. चपलावाल्याने दुकानाला नवी काच बसवली, तर थोरलीला ती आठवडाभर तिरकी दिसत होती. आठव्या दिवशी ती स्वतःच जाऊन त्याला सांगून आली की काच छान आहे. तेवढे सात दिवस मात्र तिचे तिलाच काढावे लागायचे.

धाकट्या जावेच्या बाबतीत हे सात दिवस सतरा वर्षं चालू होते.

घर दुमजली होतं. खाली थोरली, तिचा लिफ्ट दुरुस्त करणारा नवरा आणि त्यांची एकुलती एक मुलगी. बाहेरच्या जिन्याने वर गेलं की धाकटी आणि तिचा नवरा. धाकटी दातांच्या दवाखान्यात समोरच्या टेबलावर बसून नंबर लावायची. ठणकणारे दात घेऊन आलेल्या लोकांशी गोड बोलण्याचा हिला पगार मिळतो, असं थोरली म्हणायची. धाकटीला मूल नव्हतं. आता त्याबद्दल कोणी विचारत नसे आणि तीही कधी विषय काढत नसे. खालची मुलगी मात्र जिना चढता यायला लागल्या दिवसापासून अर्धी वरच वाढली होती. तिला सगळे चिंगी म्हणायचे. ती आता एकोणीस वर्षांची होती, दारातून आत येताना मान वाकवावी लागेल इतकी उंच झाली होती, तरी चिंगीच.

चिंगी किनाऱ्यावरच्या शाळेत लोकांना लाटांवर उभं राहायला शिकवायची. लांब, मऊ फळी घेऊन कमरेइतक्या पाण्यात जायचं, लाट फुटून फेस येऊ लागला की फळीवर पोट टेकवून झोपायचं, आणि मागून ढकललं गेलं की हातांवर रेटा देऊन एका झटक्यात दोन पायांवर उभं राहायचं. सांगायला एवढंच. पण धडधाकट माणसं तिथे दिवसभर तोंडावर आपटत असायची. येत्या महिन्याच्या पहिल्या तारखेला चिंगी दुसऱ्या, दूरच्या किनाऱ्यावरच्या मोठ्या शाळेत जाणार होती, निदान दोन वर्षांसाठी. आणि हे ठरल्याबरोबर धाकटी म्हणाली, "चिंगे, जायच्या आधी मला शिकव ना गं."

तिथून सगळं सुरू झालं.

लगेच पुढच्या रविवारी सकाळी थोरली दुकानात एका सुटाची बाही आखूड करत होती आणि खाली किनाऱ्यावरून आवाज आला. "काकूऽऽ! उभी! उभी राहिलीस तू!" मग टाळ्या, मग पुन्हा किंकाळी. आवाज चिंगीचा होता आणि तो अख्खा रस्ता चढून दुकानात आला होता. थोरलीचा पाय मशीनवर दाबला गेला आणि शिवण बाहीवरून सरळ अस्तरात घुसली. तिने मशीन थांबवलं. तिच्या मुलीने असा आवाज तिच्यासाठी कधी काढला होता, ते ती आठवू लागली. आठवलं नाही. आठवलं ते भलतंच.

चिंगी बारा वर्षांची असताना पहिल्यांदा फळीवर उभी राहिली होती. तशीच निथळत, वाळूने माखलेली, धापा टाकत दुकानात आली होती. "आई! आई, मी आज..." आणि थोरली म्हणाली होती, "आधी पाय पूस, कापड भिजेल." चिंगीने पाय पुसले. मग ती निघून गेली. संध्याकाळी जिन्याखालून जाताना थोरलीला वरचा गोंगाट ऐकू आला होता. पोर काकूला पलंगावर उभी राहून दाखवत होती, काकू ओरडत होती, दोघी हसत होत्या. त्यानंतर किती वेळा चिंगीने तिला "चल ना समुद्रावर" म्हटलं असेल. कामं पडलीत, असं थोरली दर वेळी म्हणाली, आणि कामं खरंच पडलेली असायची. मग चिंगीने विचारणं सोडलं. हे सगळं थोरलीला चांगलं ठाऊक होतं. ठाऊक असल्यामुळे तिचा राग कमी होत नव्हता, वाढतच होता.

त्या दिवशी जेवताना चिंगी ताट सोडून जमिनीवर पालथी झाली आणि काकू कशी उठली ते तिने करून दाखवलं. "एकदम मांजरीसारखी! अशी!"

"मलाही शिकायचंय," थोरली म्हणाली.

नवऱ्याने घास खाली ठेवला. "तुला? अगं, लिफ्टमध्ये तू भिंत धरून उभी राहतेस."

"तुम्ही दुरुस्त केलेल्या लिफ्टमध्ये कोण नाही धरणार?"

चिंगीचे डोळे चमकले होते, पण तेवढ्यात ती म्हणाली, "मज्जा! काकू आणि तू एकत्रच या." आणि थोरलीच्या नाकाला पुन्हा मिरच्या झोंबल्या. जायला चार रविवार उरले होते. त्या चारांपैकी एकात का होईना, तो आवाज आपल्यासाठी निघाला पाहिजे, एवढंच तिला हवं होतं. तो ऐकल्याशिवाय पोरगी जाता कामा नये.

पहिल्या रविवारी तिने शाळेचा काळा रबरी पोशाख अंगावर चढवला. चढवताना आधी आतून शिवण तपासली. शिवण बरी होती, नाइलाजाने तिने ते मान्य केलं. चिंगीने तिला वाळूवर उभं केलं आणि म्हणाली, "आई, आधी तुझा कुठला पाय पुढे जातो ते बघायचं. प्रत्येकाचा एक ठरलेला असतो, तो बदलता येत नाही. माझा डावा. काकूचाही डावा, माझ्यासारखाच! आता तू नुसती उभी राहा, मी मागून ढकलते. तोल सावरायला जो पाय पुढे पडेल तो तुझा."

थोरली उभी राहिली. समोर धाकटी फळीला टेकून बघत होती. केस बांधलेले, अंगावर वाळूचा कण नाही. माझ्यासारखाच, हे शब्द थोरलीच्या कानात माशीसारखे फिरत होते. मागून धक्का बसला. थोरली पुढे गेली, सावरली आणि खाली बघून म्हणाली, "डावा."

"तुझाही डावा!" चिंगीने तिला मागून मिठी मारली. "वा, तिघींचा डावा!"

पुढचं काय सांगावं? थोरली पडली. उजवीकडे पडली, डावीकडे पडली, फळीच्या टोकावरून पुढे गेली आणि फळी मागून येऊन तिच्या डोक्यावर बसली. गुडघ्यापर्यंत ती ठीक यायची. गुडघ्यावरून डावा पाय पुढे टाकायची वेळ आली की अंगातला जोर कुठेतरी निघून जायचा. तिच्या शेजारून धाकटी अलगद उभी राहून किनाऱ्याला लागायची आणि मागे वळून म्हणायची, "जाऊबाई, जमेल हो!" थोरलीच्या तोंडात त्या वेळी नेमकं समुद्राचं पाणी असायचं, म्हणून बरं.

सोमवारी तिने कापड आखायच्या खडूने दुकानाच्या जमिनीवर फळीएवढी आकृती काढली. गिऱ्हाईक नसेल तेव्हा त्यात पालथी पडून उठायची. एकदा बँकेतला कॅशियर पॅन्ट न्यायला आला, तर दुकानात कोणी नाही. टेबलाच्या पलीकडून कुणीतरी हुंकार देतंय आणि एक पाय दिसतोय. तो घाबरून चपलावाल्याला बोलवायला गेला. परत येईपर्यंत थोरली मशीनवर बसलेली होती आणि तिने त्याला विचारलं, "काय, पॅन्ट आधी बघणार की तशीच नेणार?"

दुसरा रविवारही तसाच गेला. तिसऱ्या रविवारी चिंगीचा धीर सुटू लागला. ती रागावली नाही, त्यापेक्षा वाईट, ती समजूत घालू लागली. "आई, तू काकूकडे बघ ना. ती कशी वाकते ते बघ." तीन आठवडे थोरली दुसरं काही बघतच नव्हती. धाकटीची वाकलेली पाठ, धाकटीचा डावा पाय, आणि धाकटीच्या खांद्यावर टेकलेला चिंगीचा हात.

संध्याकाळी सगळे खालीच जेवायला बसले होते. चिंगीने काकूला विचारलं, "आज पाठ दुखतेय का गं तुझी?" थोरलीने डावच आपटला भांड्यात.

"माझी पाठ नाही दुखत वाटतं?"

"अगं आई, तुलाही विचारणारच होते."

"विचारणार होतीस! सगळं आधी वर आणि मग उरलं तर खाली. लहानपणापासून बघतेय मी. जन्म दिला मी, आणि आईत आणि काकूत डावं-उजवं करतेस तू!"

"मी?" चिंगी रडकुंडीला आली. "मी काय डावं-उजवं केलं?"

धाकटीला ठसका लागला. पाणी पिऊनही थांबेना. ती ताटावरून उठली, पदर तोंडाशी धरून जिना चढून गेली, आणि वरचं दार लागल्याचा आवाज आला. हसत होती की रडत होती, थोरलीला कळलं नाही. तिने हसत होती असंच धरलं.

मंगळवारी दुपारी धाकटी दवाखान्याचा पांढरा कोट अंगात घालूनच दुकानात आली. कोट गुडघ्याखाली चार बोटं लोंबत होता. "एवढा वर घ्याल का?" तिने विचारलं. थोरलीने मान हलवली, तिला आरशासमोरच्या चौरंगावर उभं केलं, ओठांत सहा टाचण्या धरल्या आणि खाली बसून पट्टी दुमडू लागली. थोरलीच्या तोंडात टाचण्या जाईपर्यंत धाकटी थांबली असावी.

"जाऊबाई, तुमचा पाय डावा नाही. उजवा आहे."

थोरलीचा हात थांबला.

"पहिल्या दिवशी चिंगीने ढकललं, तेव्हा उजवाच पुढे आला तुमचा. चांगला हातभर आला. मग तुम्ही तो मागे घेतलात आणि डावा टाकलात. चिंगी पाठीमागे होती, तिला नाही दिसलं. मी समोर होते."

थोरलीने एकेक करून टाचण्या तळहातावर काढल्या. घाई केली असती तर गिळल्या असत्या. "तीन आठवडे! नाकातोंडात समुद्र गेला माझ्या, डोक्यावर ही एवढी टेंगळं आली, आणि तू तिथे उभी राहून जमेल हो, जमेल हो करत होतीस?"

"हो."

"लाज नाही वाटली?"

"वाटली ना. दर रविवारी वाटायची. आज सांगू, उद्या सांगू, असं चाललं होतं." धाकटी आरशात बघून बोलत होती, खाली बघत नव्हती. "पण खरं सांगू? बरंही वाटायचं. तुम्हाला मुलगी आहे, जाऊबाई. आयुष्यभर आहे. मला तिचे हे चार-पाच रविवार मिळाले होते, तेही मी मागून घेतलेले. तेवढ्यात तुम्ही आलात. म्हटलं, पडू देत. एका तरी गोष्टीत ती माझ्याकडे आधी बघू दे."

रस्त्यावरून कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. थोरलीला बोलायला पुष्कळ होतं. वर-खाली, जिना, पलंग, सतरा वर्षं, सगळं घशापर्यंत आलं होतं. पण ज्या गोष्टीसाठी ती हिच्यावर जळत होती, तीच गोष्ट हिच्यापाशी नव्हती आणि म्हणून ही तिच्यावर जळत होती. हे ऐकून तिला धड रागावताही येईना. तशी ती रागावलेलीच होती, पण रागाला पाय ठेवायला जागा सापडत नव्हती.

"वळ," ती शेवटी म्हणाली. "मागची बाजू राहिलीय."

धाकटी वळली. थोरलीने पट्टी पूर्ण टाचली. एका जागी वाकडी घालायचा मोह तिला झाला होता, पण धंद्याची लाज वाटली.

ती गेल्यावर थोरलीने दाराला आतून कडी घातली, खडूच्या फळीवर पालथी झाली आणि उजवा पाय पुढे टाकून उठली. एका दमात. दुकान जराही हललं नाही. ती तशीच वाकून, हात पसरून, आरशासमोर उभी राहिली आणि स्वतःला म्हणाली, "गाढव."

शेवटच्या रविवारी समुद्र शांत होता, फेस गुडघाभर उंचीचा. फळीची दोरी मागच्या पायाच्या घोट्याला बांधतात, म्हणून चिंगी नेहमीप्रमाणे आईच्या उजव्या घोट्याशी बसली.

"तिथे नको," थोरली म्हणाली. "डाव्याला बांध. माझा उजवा पुढे असतो."

"पण तू तर..."

"खोटं बोलले."

"का?"

थोरलीने इकडेतिकडे बघितलं. धाकटी दूर, पाण्यात गेली होती. "तुझा डावा आहे म्हणून," ती म्हणाली. "मला पण तुझ्यासारखं असायचं होतं. तुला तेव्हा पाय पुसायला लावले मी. आठवतं का तुला?"

चिंगीला आठवत होतं, तिच्या तोंडावरूनच दिसलं.  तिने डाव्या घोट्याला दोरी बांधली आणि बांधून झाल्यावरही घोटा बराच वेळ हातात धरून ठेवला.

पहिल्या लाटेला थोरली पडली. दुसऱ्या लाटेला अर्धी उठून पडली. तिसऱ्या वेळी चिंगीने मागून फळी ढकलली, फेस खालून उचलत आला, थोरलीने हातांवर रेटा दिला आणि उजवा पाय आपणहून जिथे जायचा तिथे गेला. ती उभी होती. ओठ दातांत धरलेला होता, पण समुद्र तिच्या पायाखालून निघाला होता आणि ती त्याच्यावर उभी होती.

आणि मागून तो आवाज आला. "आईऽऽऽ! उभी! माझी आई उभी राहिलीऽऽ!" चपलावाल्यापर्यंत पोहोचला असेल असा. थोरलीला वळून बघायचं होतं, पण फळीवर उजवा पाय पुढे असला की छाती डावीकडे वळते आणि तोंडही डावीकडेच राहतं. डावीकडे कमरेइतक्या पाण्यात धाकटी उभी होती, फळी शेजारी तरंगत ठेवून. आता लाट घ्यायची पाळी तिची होती, पण चिंगी आईच्या मागे धावली होती.

धाकटीने टाळ्यांसाठी हात वर केले होते. चेहऱ्याला मात्र ते जमलं नव्हतं. ओठ हसत होते आणि बाकीचा चेहरा पडला होता. थोरलीला तो चेहरा ओळखायला वेळ लागला नाही. गेला महिनाभर ती तो रोज दुकानातल्या आरशात बघत होती.

तिला वाईट वाटायला हवं होतं. आधी बरं वाटलं, चांगलं पोटभर बरं वाटलं. मग ती किनाऱ्याच्या वाळूत घसरून पडली आणि चिंगी येऊन तिच्या अंगावर कोसळली. "परत, आई! परत एकदा!" थोरलीने परत एक लाट घेतली. मग आणखी एक घेतली. दोन्ही वेळा आवाज आला, दोन्ही वेळा तिने तो पुरेपूर ऐकून घेतला. तेवढ्या वेळात धाकटी फळी घेऊन बाहेर निघाली होती आणि वाळूवर बसून पायाची दोरी सोडू लागली होती.

"अजून एक?" चिंगीने विचारलं.

"पुरे. काकूकडे जा."

"तिला येतं गं आता. तुझं तर आत्ता कुठे..."

"येत असू दे. जा म्हणते ना. तिला लाट दे, मागून ढकल, ओरड." थोरलीने नाक शिंकरलं. "आणि हे बघ, तिकडे पोहोचलीस की फोन आधी वर करायचास. मग खाली."

 चिंगी पाणी उडवत किनाऱ्याकडे पळाली. थोरलीला ते शब्द लगेच परत घ्यावेसे वाटले. 'रोज नाही, एकदाच' असं तरी म्हणायला हवं होतं. "चिंगे!" तिने हाक मारली. पण चिंगी धाकटीपाशी पोहोचली होती, तिच्यासमोर वाळूत गुडघे टेकून बसली होती, आणि फोनचं तिला सांगतही होती.